धुराला वाट देणारी डक्ट

गोरेगावातील एका पुनर्वसन इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तळमजल्यावर आग लागली आणि किमान सात जणांनी प्राण गमावले. अशा दुर्घटनांत ज्वाळांपेक्षा धूरच अधिक बळी घेतो. तरीही हवा खेळती ठेवणारी व्यवस्था आणि अग्निसुरक्षा यांचा विचार आपल्याकडे एकत्रित होत नाही.

न्हाणीघरांचे एक्झॉस्ट पंखे ज्या डक्टमध्ये उघडतात, ती बहुधा तळापासून गच्चीपर्यंत सलग असते. खाली पेट घेतला की तीच धुराडे बनते आणि झडपांवाटे धूर वरच्या घरांत शिरतो. विजेच्या तारांची डक्ट त्याहून घातक. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ती प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद हवी. प्रत्यक्षात केबलवाला नवी तार ओढताना भोक पाडतो. ते बुजवण्याची तसदी कोण घेणार? याउलट, जिन्यातील धूर बाहेर जाण्यासाठी असलेल्या खिडक्या पाऊस आणि कबुतरांच्या त्रासापायी कायमच्या बंद केल्या जातात. अग्निरोधक दार मात्र वीट लावून सताड उघडे!

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमान्वये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैत सादर करणे बंधनकारक आहे. अनेक सोसायट्यांच्या लेखी तो केवळ कागद ठरतो. पंप, नळ तपासले जातात. डक्टमध्ये डोकावणारा विरळाच. आणि धूर एकदा जिन्यात भरला, की रहिवाशांचा उतरण्याचा आणि जवानांचा चढण्याचा मार्ग एकाच वेळी बंद होतो.