बंदूक कधी लागते, कधी हुकते: आधी कागदावर बघा

भात दुधात आलं की शहापूर-मुरबाडकडं दरवर्षी एकच गाऱ्हाणं. "बंदूक बिघडलीय. एक बार बरोबर बसतो, दुसरा कुठं जातो कळत नाही." मग कुणीतरी सुचवतं, रायफल घ्यायला पाहिजे. माझं म्हणाल तर रायफलचा विषय सोडा. पीक संरक्षणासाठी आपल्याकडं आहे ती ठासणीची नाहीतर बारा बोअरची, म्हणजे आत आटे नसलेली नळी. तिच्याकडून शंभर मीटरवरचा नेम मागायचा आणि हुकला की तिलाच नावं ठेवायची! तीस-पस्तीस मीटरच्या पुढं छर्रे पांगतातच.

दुनळीचं एक बघा. दोन्ही नळ्या सारख्या नसतात. बहुतेक बंदुकांत उजवी जरा मोकळी, डावी तोंडाशी आवळलेली. त्यामुळं छर्‍यांचा पसारा वेगळा पडतो. आपण एकदा ही ओढतो, एकदा ती, आणि म्हणतो बंदूक सारखी लागत नाही. मोठा कागद लावून प्रत्येक नळीचे तीन-तीन बार वेगळे घेतले की निम्मा उलगडा तिथंच होतो. हे काम रेंजवर किंवा परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडं. शेतात नाही. काडतुसं मात्र एकाच खोक्यातली घ्या. दोन पावसाळे फडताळात काढलेली आणि काल आणलेली एकत्र केली तर कागद तरी काय सांगणार?

एवढं करून सगळे बार एकाच बाजूला जात असतील तर टोकाचा मणी वाकलाय का बघा. बार इकडं-तिकडं जात असतील तर दस्त्याचा स्क्रू. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दस्ता हलायला लागतो. हाताला कळतही नाही.

ठासणीचं दुखणं वेगळं. दारू अंदाजानं, गज कधी जोरात तर कधी हलका, मग बार एकसारखा कसा येईल? त्यात दारू सर्दलेली असली की टोपी फुटते, बार मात्र उशिरा उडतो, आणि तोवर नळी हललेली असते. टोपी फुटून बार झाला नाही तर नळी रिकाम्या दिशेलाच धरून थांबा. लगेच वाकून बघायला जाऊ नका.

आणि माणूस? रात्री मचाणावर, बॅटरी दुसऱ्याच्या हातात, चाप ओढताना डोळे मिटलेले. यात बंदुकीचा काय दोष?

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. विधानसभेचं मतदान २०१९ ला २१ ऑक्टोबरला, २०२४ ला २० नोव्हेंबरला झालं. दोन्ही वेळा ऐन भाताचा हंगाम. आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. जमा करण्याला माझी ना नाही. पण ज्याची बंदूक ठेवून घेतली त्याच्या पिकासाठी त्या महिन्यात वनखात्याची गस्त वाढायला हवी, आणि परत देताना नळीची तपासणी हवी. तेल न लावता बंद खोलीत पडलेली नळी आतून गंजते. जमा करायच्या आदल्या दिवशी आपणच नळी पुसून तेलाचा हात फिरवलेला बरा.

हे सगळं एवढ्यासाठी की अर्धवट लागलेलं डुक्कर कारवीत शिरतं, आणि सकाळी त्याच वाटेनं बाया लाकडाला जातात. ज्याला आपल्या बंदुकीचा पल्ला कागदावर माहीत नाही त्यानं बार काढूच नये, या मतावर मी ठाम आहे.

अजून एक. बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची परवानगी वेगळी. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली लेखी लागते. तानसा अभयारण्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांनी हद्द कुठून जाते ते वनरक्षकाकडून आधीच समजून घ्या. नुकसान झालं असेल तर भरपाईचा अर्ज लगेच द्या, पंचनाम्याआधी शेत नांगरू नका.