आशिया समजायचा तर भाषा हवी



बिहारमधील राजगीर येथे नालंदा विद्यापीठाच्या नव्या परिसराचे उद्घाटन १९ जून २०२४ रोजी झाले. संसदेच्या २०१० च्या कायद्याने हे विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१४ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. भारत व आशियातील इतर देशांच्या संबंधांचा अभ्यास सर्वांनी मिळून करावा, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. हा हेतू आम्हांला मोलाचा वाटतो. मात्र करारावर सह्या झाल्या, पाहुण्यांचे सत्कार झाले म्हणजे संशोधन झाले, असे नव्हे. एकमेकांची भाषा येत नसेल तर असे सहकार्य कागदावरच राहते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या नालंदेचाच दाखला घ्या. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने तेथे विहार बांधविला व पाल राजा देवपालाने त्याच्या खर्चासाठी पाच गावे दिली. ताम्रपटात तशी नोंद आहे. त्याआधी सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनहून आला, नालंदेत राहून शिकला आणि मायदेशी परतून त्याने अनेक ग्रंथ चिनी भाषेत नेले. अशा कितीतरी बौद्ध ग्रंथांचे मूळ संस्कृत आज सापडत नाही. ते चिनी किंवा तिबेटी भाषांतरांतच उरले आहेत. म्हणजे आपलाच वारसा वाचायला आपल्याला शेजाऱ्याची भाषा शिकावी लागते!

मराठी माणसांनी हे काम केले आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते, पण ते श्रीलंकेत जाऊन पाली शिकले. पुढे त्यांनी अमेरिकेत हार्वर्डला संपादनाचे काम केले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्या साहाय्याने एका चिनी विनयग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते १९७० मध्ये प्रसिद्ध केले. दोन देशांतील विद्वानांचे सहकार्य म्हणतात ते हेच.

आमच्याकडे काही पालक सुचवितात की मराठीचा तास कमी करा, मुलांवर भाषांचे ओझे होते. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. गुणांची स्पर्धा खरीच आहे. परंतु घरी मराठी, बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी आणि जोडीला संस्कृत अशी आमची मुले वाढतात. एका भाषेतून दुसरीत सहज जाण्याची ही सवय पुढे चिनी, जपानी किंवा तिबेटी शिकताना त्यांच्या कामी येईल. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात पदवीपर्यंत शिकलो. घरच्या मराठीने त्यात कधी अडथळा आणला नाही, उलट आधारच दिला.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की मराठीच्या तासाला हात लावू नये आणि ग्रंथालयात आशियाई देशांवरील पुस्तकांसाठी एक कपाट राखावे. पालकांनी मुलांशी घरी मराठीतच बोलावे. उद्याचा संशोधक आज आपल्याच एखाद्या वर्गात बसला असेल. त्याची वाट आपण अडवू नये, एवढेच.