घरोघरी नळ आले, सांडपाण्याचे काय?

जल जीवन मिशन (२०१९) मध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात. म्हणजे २,००० लोकवस्तीच्या गावातून रोज सुमारे ८८ हजार लिटर सांडपाणी निघेल.

मुरमाड जमिनीत शोषखड्डा पुरतो. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी मुरत नाही आणि पावसाळ्यात खड्डा तुंबतो. अशा गावांसाठी वनस्पतींचा गाळण वाफा हा चांगला पर्याय आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचे फायटोरिड तंत्रज्ञान याच तत्त्वावर आधारित आहे.

वाफा काम कसा करतो?

सांडपाणी आधी गाळ टाकीत स्थिरावते. मग ते अस्तर केलेल्या वाफ्यातील खडी-वाळूच्या थरातून सावकाश वाहते. पाणी उघड्यावर साचत नसल्याने डास वाढत नाहीत. वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावतात. मात्र शुद्धीकरणाचे मुख्य काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. झाडे त्यांना आधार व थोडा प्राणवायू देतात, तसेच काही नत्र-स्फुरद शोषून घेतात. झाडे तिथेच कुजली, तर ही अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात. त्यामुळे नियमित कापणी करून पाला बाहेर काढावा.

खरा प्रश्न देखभालीचा

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. २,००० लोकवस्तीला ही रक्कम ५ लाख ६० हजार होते. पण हा पैसा उभारणीचा आहे. टाकीतील गाळ वेळेवर काढला नाही, तर खडी बुजते आणि पाणी न गाळता वरून वाहते. म्हणून वाफ्याला मंजुरी देतानाच ग्रामसभेने गाळ काढणे व कापणी यांची जबाबदारी आणि वार्षिक खर्च ठरावात नोंदवावा.

शेतीसाठी वापरताना

• वाफ्यातून रोगजंतू पूर्ण नष्ट होत नाहीत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. फळझाडांना बुंध्याशी द्यावे.
• वाफ्यात अळू लावल्यास तो खाण्यासाठी तोडू नये.
• साबण, डिटर्जंटमधील सोडियम वाफ्यात अडत नाही. काळ्या जमिनीत तो साठला तर निचरा बिघडतो. त्यामुळे पाण्याची क्षारता व सोडियमचे प्रमाण तपासूनच नियमित वापर सुरू करावा.