मारहाण नाही म्हणजे हिंसा नाही?

नांदेड-लातूरकडील गावांत नवरा-बायकोच्या तंट्याची बैठक बसली की पंचांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मारलं का?" बाईने मान हलवून नकार दिला की बैठक सैलावते आणि तिलाच सांभाळून घेण्याचा उपदेश सुरू होतो. मारले असेल तर दुसरा प्रश्न तयार असतो : "किती?" या बैठकांत आपले कार्यकर्तेही मानाने बसतात. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली आली तेव्हापासून तडजोडीच्या पारड्यात बक्षिसाचेही वजन पडले. हे लिखाण म्हणून विरोधकांसाठी नाही; आपल्याच माणसांसाठी आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याचे तिसरे कलम ज्याने एकदा शांतपणे वाचले, त्याला पंचांचा तो प्रश्न अपुरा वाटल्यावाचून राहणार नाही. शारीरिक आणि लैंगिक छळ त्यात आहेच. मूल होत नाही, मुलगा होत नाही म्हणून केलेला अपमान आणि शिवीगाळही त्यात आहे. शिवाय आर्थिक छळ हा स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. कायद्याने वा रूढीने जे तिचे, किंवा गरज म्हणून जे तिला लागते, त्यापासून तिला वंचित करणे. तिचे स्त्रीधन विकणे. राहत्या घराचा वापर तिला बंद करणे, ही सारी हिंसाच होय. या कायद्याच्या नियमांत घटना-अहवालाचा जो नमुना जोडला आहे, त्यात बाईला नोकरी करू न देणे आणि तिचा पगार अथवा मजुरी काढून घेणे यांचीही नोंद करावयाची असते.

मजुरी काढून घेणे! मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या डोंगरपट्ट्यातील कार्यकर्त्याने हे दोन शब्द मनावर घ्यावेत. या भागातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' असते. ऊस दोघे तोडतात, मोळ्या ती बांधते, डोक्यावरून वाहून वाहन भरायला तीही असते. पहाटेचा आणि रात्रीचा स्वयंपाक, पाणी, लेकरे हा भार तिचा एकटीचा. टनामागचा दर मात्र जोडीला मिळतो आणि हंगामाआधीची उचल पुरुषाच्या हाती पडते. ती आजारी पडली तर खाडा दोघांच्या हिशेबातून कापला जातो. म्हणजे दंडापुरती ती स्वतंत्र मजूर आणि मजुरीच्या वेळी नवऱ्याचे अर्धे अंग. उचल कशात खर्च झाली हे विचारण्याचाही अधिकार तिला नसतो. आणि विचारले तर काय होते, ते फडावरील कोपीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मारहाण तेथे हिशेबाच्या मागून येते. पंच मात्र वळ तेवढे मोजतात, हिशेब विचारीत नाहीत.

"आधी वर्गलढा, मग हे घरगुती प्रश्न," असे सांगणारे मित्र आपल्यात अजून आहेत. त्यांना विचारावेसे वाटते की, ज्या मजुराच्या श्रमाचे मोल त्याच्या हाती कधीच पडत नाही त्याला आपण कोणत्या वर्गात घालतो? अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके कुटुंबाला दीर्घकाळ एकच उपभोक्ता, एकच निर्णयकर्ता मानीत आली. भांडवलदारी अर्थशास्त्राचे हे गृहीतक समाजवाद्यांनी बिनतक्रार उचलावे, यासारखा विनोद नाही. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले होते. लोहियांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी तो क्रम तरी लक्षात ठेवावा.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या विधवेचे. आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या प्रकरणात सरकार एक लाख रुपये देते : तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पुढाऱ्यांच्या भेटी होतात, छायाचित्रे निघतात. तेरावा झाल्यावर "जरा मन रमेल" म्हणून तिला माहेरी पाठवतात, आणि दरम्यान सातबाऱ्यावर वारसांची नोंद होताना तिचे नाव गळते. कोणी तिला बोटही लावलेले नसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. जमीन अद्याप सासऱ्याच्या नावावर असेल तर हिश्श्याचा वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळेल, हे खरे. परंतु घरात राहण्याचा तिचा हक्क त्या वादावर अवलंबून नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी यांच्या खटल्यात, त्याही विधवाच, असे म्हटले की सासरच्या घरी ती प्रत्यक्ष नांदली नसली तरी हा हक्क बुडत नाही. मोर्चात आपण या बाईला पुढे बसवतो. तलाठ्याच्या चावडीत तिच्यासोबत आपल्यापैकी किती जण गेले?

कायद्याने घरे मोडतील, पुरुष तुरुंगात सडतील, ही ओरड जुनीच आहे. या कायद्यात पहिला आदेश संरक्षणाचा, राहण्याचा वा पैशाचा असतो. संरक्षणाचा आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद अथवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९८३ साली आलेले ४९८-अ, जे जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे ८५ वे कलम झाले, ते फौजदारी कलम वेगळे. दोहोंची सरमिसळ करून बाईला घाबरवणारे पंच अज्ञानी तरी असतात, किंवा सासरचे नातलग तरी.

आकड्यांनीही हीच दिशाभूल होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे नोंदले आहे. हा आकडा केवळ शारीरिक आणि लैंगिक हिंसेचा आहे. जिची मजुरी गेली, जिचे मंगळसूत्र सावकाराकडे गेले, जिचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही, ती त्यात नाही.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. उचल मात्र त्याआधी, पावसाळ्यातच वाटली जाते. उचलीच्या कागदावर दोघांची सही वा अंगठा हवा आणि टनाचे पैसे दोघांच्या खात्यांत निम्मे-निम्मे जमा व्हायला हवेत, ही मागणी मुकादम आणि कारखान्यापुढे ठेवायची तर ती त्याच दिवसांत. बैठकीत बसणाऱ्या आपल्या माणसांनी तोवर घटना-अहवालाचा तो नमुना मिळवून खिशात ठेवावा, आणि पंच विचारू लागले की त्यातील आर्थिक छळाचे रकाने मोठ्याने वाचून दाखवावेत.