गुरू चोवीस, पंचविसावी जाऊबाई

आपल्या घरातल्या माणसांचे दोष आपल्याला तोंडपाठ असतात. गुण सांगा म्हटलं की मात्र आपण आठवू लागतो. निदान माझं तरी असंच होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे दोष मला झोपेतून उठवून विचारले असते तरी मी धडाधडा सांगितले असते. पहिला दोष म्हणजे त्यांची वही. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली वा दिली, तरी वहीत नोंद! घरातल्या घरात, धाकट्या जावेला दिलेली साखरसुद्धा! पुढे आम्ही वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली, त्याला ती वहीच कारण झाली. दीड वर्ष आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

त्याच सुमारास एका श्रावणात सासूबाईंना एकनाथी भागवत वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही टीका नाथांनी पैठणला सुरू केली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. तिच्यात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. इतका निश्चिंत तू कशामुळे झालास, असं राजा विचारतो आणि अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. यादीत पृथ्वी, सूर्य, समुद्र आहेतच; पण अजगर, कोळी, बाण करणारा कारागीर आणि पिंगला नावाची वेश्यासुद्धा आहे!

मला गंमत वाटली ती पतंगाची. दिव्यावर झेप घेऊन जळून मरणारा पतंग हा कसला गुरू? पण मोहाला भुललं की काय होतं, ते तो शिकवतो. मधमाशीकडून तर दोन्ही धडे आहेत. लहानमोठ्या सर्व फुलांतून थोडं थोडं घ्यावं हा एक आणि साठवून ठेवू नये हा दुसरा. म्हणजे दुसऱ्यातलं चांगलं पाहायचं म्हणून त्याच्या दोषांवर पांघरूण घाला, असं अवधूत म्हणत नाही. तो निवड करतो. सुपात धान्य पाखडावं तशी! आपण मात्र कोंडा तेवढा जपून ठेवतो. (हे मला वाचताना सुचलं नाही. तेव्हा मी पाठ वाचत होते, एवढंच.)

पुढच्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही दोघींनी पाळ्या लावल्या. चार दिवसांनी रात्री त्यांना एकदम गुंगी आली. डॉक्टर आले नि विचारू लागले, रक्तदाबाची गोळी किती वाजता दिली? दिवसभरात पाणी किती गेलं? लघवी किती वेळा झाली? दुपारची पाळी माझी होती. सासूबाईंशी गोड बोलणारी, त्यांना पोथी वाचून दाखवणारी मी; मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. गोळी दिली होती का, हेच आठवेना!

जाऊबाई काही न बोलता आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. साखरेच्या नोंदींखालीच रेघ ओढून त्यांनी चार दिवसांचं सगळं लिहिलं होतं. माझ्या पाळीतलंसुद्धा! जाता-येता पाकिटातल्या गोळ्या मोजून ठेवलेल्या. दुपारची गोळी चुकून दोनदा दिली गेली होती. डॉक्टरांनी ते वाचलं आणि पुढचे उपाय भराभर केले. सासूबाई त्यातून सावरल्या. दोन गोळ्या कोणी दिल्या, हे जाऊबाईंनी ना डॉक्टरांना सांगितलं, ना घरात कोणाला.

ज्या सवयीपायी मी चूल वेगळी केली, तीच ही सवय. त्या रात्री मी पोथीतलं ते पान पुन्हा काढून वाचलं, हे कबूल करते.

आमच्या चुली अजून वेगळ्याच आहेत. वहीही चालू आहे. गेल्या आठवड्यात त्यांची उसनी साखर परत करायला गेले, तेव्हा मुद्दाम वाटी शिगोशीग भरून नेली होती. जाऊबाईंनी बोटाने वरची शीग सपाट केली, उरलेली साखर माझ्या हातावर ठेवली आणि वहीतली नोंद खोडून टाकली.