संप्रेरकांचा दाखला आणि मानधनाचे अर्थकारण

स्त्रीचा स्वभाव सेवेचा आणि पुरुषाचा झुंजीचा, हे सूत्र पूर्वी धर्मशास्त्राच्या आधाराने सांगितले जाई. आता ते मेंदूतील संप्रेरकांच्या आधाराने सांगितले जाते. ऑक्सिटोसिन हे मायेचे रसायन, म्हणून ते स्त्रीचे. व्हॅसोप्रेसिन आणि टेस्टोस्टेरॉन ही पुरुषाची, अशी सोपी वाटणी लोकप्रिय झाली आहे. विज्ञानाकडे पाठ फिरवणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. परंतु त्याच्या नावावर कोण कोणाचे देणे बुडवीत आहे, हे तपासणे त्यांचे कर्तव्यच आहे.

ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही दोन्ही संप्रेरके मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात. प्रत्येकात नऊ अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी केवळ दोन भिन्न असतात. स्त्री व पुरुष दोघांच्याही देहात दोन्ही आढळतात. अनेक प्राण्यांत मेंदूच्या काही भागांत नराकडे व्हॅसोप्रेसिन अधिक असते, हा फरक खरा आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात जोडीने राहणाऱ्या उंदरासारख्या एका प्राण्यावर १९९० च्या दशकात प्रयोग झाले. त्यांवरून मादीचे जोडीदाराशी नाते मुख्यतः ऑक्सिटोसिनमुळे आणि नराचे व्हॅसोप्रेसिनमुळे जुळते, असे मानले गेले. पण ऑक्सिटोसिनचा परिणाम ज्यातून होतो तो ग्राहकच जनुकीय बदलाने नाहीसा केलेल्या अशा प्राण्यांनीही जोड्या जमवल्या, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

माणसाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फिलिपिन्समधील सेबू येथील तरुणांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन घटलेले आढळले, आणि जे रोज मुलांचे संगोपन करीत त्यांच्यात ते अधिक कमी होते. संप्रेरक वर्तन घडवते, तसे वर्तनही संप्रेरक घडवते. बाळाला खांद्यावर घेणारा बाप निसर्गाविरुद्ध वागत नाही. तो निसर्गाला एक वेगळी वाट उघडून देतो.

संकटात पुरुष लढतो किंवा पळतो, स्त्री मात्र पोराबाळांना जपते आणि मैत्रिणी जोडते, असा सिद्धान्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी २००० मध्ये मांडला आणि त्याच्या मुळाशी ऑक्सिटोसिन असल्याचे सुचवले. मराठवाड्याने या प्रश्नाची कसोटी त्याआधीच पाहिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. ढिगाऱ्यांतून शेजाऱ्यांना हातांनी उपसून काढणारे पुरुष लढतही नव्हते आणि पळतही नव्हते. पुढे घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात शेकडो गावांतील महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून जबाबदारी देण्यात आली. भूकंपरोधक बांधकाम कसे करावे हे त्या स्त्रिया शिकल्या, कामावर देखरेख करू लागल्या आणि २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेतील बायकांना अनुभव सांगण्यास गेल्या. त्यांच्या रक्तातील रसायन १९९३ पूर्वीही तेच होते. बदलले ते इतकेच, की त्यांच्या हाती काम आणि अधिकार आला.

मग स्वभावाचा हा दाखला कोणाच्या सोयीचा? त्याचे उत्तर सरकारी हिशेबाच्या वहीत आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतर नेमलेल्या आशा या दोघींच्याही श्रमाला सरकार वेतन म्हणत नाही, मानधन म्हणते. मान द्यावा आणि धन टाळावे, असा हा व्यवहार आहे. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले. ज्या कामाला स्वभाव म्हटले, त्याची मजुरी द्यावी लागत नाही. घरातही तोच न्याय चालतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे.

वात्सल्याच्या भरवशावर व्यवस्था चालत नाही, याची जाणीव नांदेडने करून दिली आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. अपुरे कर्मचारी, औषधांची टंचाई आणि क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण यांची तेव्हा चर्चा झाली. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. त्या मातांच्या ठायी ममता कमी नव्हती. माया रिक्त पदे भरत नाही आणि औषधांची खरेदीही करीत नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले. तो वारसा सांगणाऱ्यांनी आशा व अंगणवाडी सेविकांच्या वेतनाचा लढा आपला मानला पाहिजे. आणि त्याआधी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. नांदेड-लातूरच्या शिबिरांत समतेवर बौद्धिक चालू असताना भाकऱ्या कोण थापते आणि खरकटी भांडी कोण घासते? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संप्रेरकात सापडणार नाही. ते कार्यकर्त्यांनीच द्यावयाचे आहे.