भोग, आस्वाद आणि इस्तंबूलची तीन हॉटेले

मराठी प्रवासवर्णने सलग वाचणाऱ्याला एक गोष्ट लवकरच जाणवते. या वाङ्मयप्रकारात हॉटेलची खोली बहुधा पाठ टेकण्यापुरतीच येते. भाडे किती पडले, गरम पाणी मिळाले की नाही, शाकाहारी जेवणाची सोय कशी झाली, एवढे सांगून लेखक घाईघाईने संग्रहालयाकडे वळतो. आपल्या मध्यमवर्गीय संस्कारात चैन एक तर करायची नसते, आणि केलीच तर लिहायची नसते. परिणामी, एखाद्या ऐतिहासिक नगरीतल्या आलिशान हॉटेलात दोन दिवस सुखाने राहणे या अनुभवाचा विचार करायला आपल्याकडे भाषाच घडलेली नाही. तो सगळा प्रांत आपण पर्यटन कंपन्यांच्या गुळगुळीत जाहिरातींना आंदण देऊन टाकला आहे.

हे मला योग्य वाटत नाही. जुन्या शहरातले आलिशान हॉटेल हे त्या शहराचे एक संपादन असते. काय दाखवायचे, काय गाळायचे आणि कोणता प्रसंग ठळक टाइपात छापायचा, हे तिथे कुणीतरी ठरवलेले असते. संपादित पाठ कसा वाचावा हे ज्यांना शिकवायचे आहे, त्या आपल्यासारख्यांनी तरी या पाठाकडे पाठ फिरवू नये.

उदाहरण म्हणून इस्तंबूल घेऊ. मीना प्रभू यांच्या ‘तुर्कनामा’मुळे हे शहर मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले आहे, ओरहान पामुकला २००६ साली नोबेल मिळाल्यानंतर साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी त्याची ओळख आणखी गडद झाली. या शहरात तीन हॉटेले अशी आहेत, की त्यांच्या खिडक्यांतून तीन वेगवेगळी इस्तंबूले दिसतात.

पहिले पेरा पॅलेस. ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ने येणाऱ्या युरोपीय प्रवाशांना आपल्याला शोभेल असा मुक्काम हवा होता, म्हणून अलेक्झांडर व्हालोरी या वास्तुविशारदाने १८९०च्या दशकात ही इमारत उभी केली. सिर्केजी स्थानकापासून हॉटेलपर्यंत प्रवाशांना ज्यातून वाहून आणत, तो मेण्यासारखा खुर्चीवजा डोलारा आजही तिथे मांडलेला आहे. या हॉटेलात दोन रात्री राहण्याचा योग मला आला, आणि ते सुख मी नाकारणार नाही. लोखंडी जाळीची जुनी लिफ्ट सावकाश वर जाते. चादरींना नुकत्याच झालेल्या इस्त्रीचा वास असतो. सकाळी पडदा सारला की खाली उतरत गेलेल्या छपरांपलीकडे गोल्डन हॉर्नचे पाणी दिसते. न्याहारीला ऑलिव्ह, पांढरे चीज, मध आणि दाट साय यांची ताटे एकामागून एक येतात, आणि आपण काही करायचे नसते. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या पगाराला न परवडणारी ही चैन वर्षानुवर्षांच्या बचतीतून दोनच रात्री मिळते; पण त्या दोन रात्रींत मनाचा जो एक पीळ सुटतो, त्याला केवळ ‘उपभोगवाद’ म्हणून मोकळे होणे मला वैचारिक आळस वाटतो.

पण हॉटेलचे संपादन याच क्षणी सुरू असते. अगाथा ख्रिस्ती इथे उतरत असे, आणि ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ तिने इथल्या ४११ क्रमांकाच्या खोलीत लिहिली, अशी कथा हौसेने सांगितली जाते. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत मात्र इराकमधल्या आर्पाचिया या उत्खननस्थळाचे नाव आणि १९३३ हे साल आहे. तिचा पुरातत्त्वज्ञ पती तिथे काम करीत होता. म्हणजे ज्या खोलीसाठी वाचक जास्त पैसे मोजायला तयार असतो, त्या खोलीचा दावा पुस्तकाचे पहिले पान उघडताच डळमळू लागतो. दुसरीकडे, ११ मार्च १९४१ रोजी याच हॉटेलच्या दालनात बॉम्बस्फोट झाला होता. सोफियाहून आलेल्या ब्रिटिश राजदूताच्या सामानात ते बॉम्ब दडवलेले होते, आणि त्यात माणसे मेली. हा प्रसंग खरा आहे, पण तो कुठल्या खोलीला जोडून विकता येत नाही. काल्पनिक खून रम्य ठरतो आणि खरा स्फोट तळटिपेत जातो, याला मी संपादन म्हणतो.

दुसरे हॉटेल हिल्टन. १९५५च्या जूनमध्ये ते सुरू झाले. अमेरिकेतील एसओएम या संस्थेच्या जोडीला सेदाद हक्की एल्देम हा तुर्की वास्तुविशारद त्यावर काम करीत होता. सरळ रेषांची ही पांढरी पेटी बॉस्फरसकडे तोंड करून उभी आहे. आपली परदेशातली हॉटेले म्हणजे साम्यवादाला दिलेले उत्तर आहे, अशी कॉनरॅड हिल्टनची भूमिका होती आणि ती त्याने आत्मचरित्रात उघडपणे मांडली आहे. इथे चैन हे शीतयुद्धातले एक हत्यार होते. पामुकने ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’मध्ये १९७५ सालचा केमाल आणि सिबेल यांचा साखरपुडा याच हॉटेलात घडवला आहे. इस्तंबूलच्या धनिकांना आपण युरोपीय झालो असे जिथे वाटे, ती ही जागा. मात्र हॉटेल उघडल्यानंतर तीनच महिन्यांनी, ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ रोजी, जमावाने बेयोलूमधली ग्रीकांची दुकाने, घरे आणि चर्चे फोडली. त्यानंतरच्या वर्षांत शहरातला ग्रीक समाज जवळजवळ नाहीसा झाला. बेयोलूमधल्या जुन्या दगडी घरांत आज जी सुंदर छोटी हॉटेले थाटली आहेत, त्यांच्या कोरीव बाल्कनीत कॉफी पिताना, हे घर कुणाचे होते, हा प्रश्न विचारणे वावगे ठरू नये.

तिसरे हॉटेल मात्र प्रश्न विचारल्यावाचून सोडतच नाही. आयासोफियापासून चार पावलांवर, सुलतानअहमत भागात, पिवळ्या भिंतींची आणि टोकदार कमानींची एक इमारत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती तुरुंग म्हणून बांधली गेली. १९९६ पासून तिथे ‘फोर सीझन्स’चे हॉटेल आहे. नाझिम हिकमेत या तुरुंगात होता. सैनिकी विद्यार्थ्यांकडे त्याच्या कविता सापडल्या आणि सैन्यात बंडाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून १९३८ साली त्याला एकूण अठ्ठावीस वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली गेली. चानकिरी आणि बुर्सा इथल्या तुरुंगांत जाण्यापूर्वीचा काळ त्याने इथे काढला. त्याच खटल्यांत शिक्षा झालेला कादंबरीकार केमाल ताहिर हाही इथे होता. तुर्की स्वातंत्र्ययुद्धावरचे आपले महाकाव्य हिकमेतने १९३९ साली इथेच लिहायला घेतले. ज्या राष्ट्राने कोंडले त्याच राष्ट्राच्या जन्माची गाथा त्याच्याच कोठडीत लिहिणारा हा कवी. तुरुंगाच्या अंगणात घडणारी त्याची एक कविताही त्याच वर्षाची आहे. त्या अंगणात आज हिरवळ आहे, झाडे आहेत आणि टेबले मांडलेली आहेत.

या हॉटेलविषयीच्या पर्यटनलेखनात एक विनोद हमखास भेटतो: पूर्वी इथून सगळ्यांना बाहेर पडायचे असे, आता कुणालाच बाहेर पडावेसे वाटत नाही. म्हणजे तुरुंग इथे कुणी लपवलेला नाही. उलट तो सांगितला जातो, पण किस्सा म्हणून. माझा आक्षेप याच जागी आहे, आणि तो मांडायला आपल्या साहित्यशास्त्राइतकी चांगली भाषा दुसरीकडे सापडणार नाही.

करुण रसातून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपण एम.ए.च्या वर्गात दरवर्षी शिकवतो. भट्टनायकाने काव्यानंदाला ‘भोग’ हाच शब्द वापरला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या मते साधारणीकरणामुळे दुःख कुणा एकाचे राहत नाही. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हे संबंध गळून पडतात आणि मग त्या दुःखाचा भोग शक्य होतो. इथे दुःख जागच्या जागी असते. हिकमेतची तुरुंगातली कविता वाचताना आपल्याला जो आनंद होतो, तो तुरुंग विसरून होत नाही. भिंत, थंडी, बाहेरच्या शहराचा आवाज, सारे काही तिथे असते. हॉटेलमधला भोग मात्र उलट्या वाटेने सिद्ध होतो. तिथे दुःखाची धार बोथट करावी लागते, तेव्हा सुख निर्माण होते. भिंत राहते, पण तिच्यावर ऊबदार रंग चढतो. अंगण राहते, पण त्यात फेऱ्या मारणारी माणसे विनोदापुरती उरतात. आणि ‘माझे’पण तर कुठेच गळून पडत नाही, कारण त्या खोलीची किंमत मी मोजलेली असते.

मग अशा जागी राहूच नये काय? असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याच्या नैतिक चाडीविषयी मला आदर आहे. परंतु पर्यायांचाही विचार करावा लागेल. सबाहत्तिन अली ज्या सिनोपच्या तुरुंगात होता, तो पुढे संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडला गेला. अंकाराचा उलुजानलार तुरुंगही २०११ पासून संग्रहालय आहे. स्मृतीच्या दृष्टीने हा मार्ग सरस, यात शंका नाही. तिथे सामान्य माणूस तिकीट काढून जाऊ शकतो. पण संग्रहालयही संपादनच करते, आणि सरकारी संपादक खाजगी संपादकापेक्षा नेहमीच प्रामाणिक असतो असा अनुभव नाही. शिवाय ज्या इमारतींना कुणी वाली नाही, त्या पडून जातात. सुलतानअहमतची ती इमारत आज धडधाकट उभी आहे ती श्रीमंतांच्या चैनीमुळे, हेही मान्य करायला हवे. चैनीने वाचवलेला इतिहास आपल्याला आवडो न आवडो, तो शिल्लक तरी असतो, आणि शिल्लक असलेल्या पाठाचे पुनर्वाचन करता येते.

पुनर्वाचनाला वाव किती आहे, ते त्या इमारतीच्या दारावरच दिसते. तुरुंगाचे मूळ नाव तिथे जुन्या ऑटोमन लिपीत कोरलेले आहे. १९२८ साली तुर्कस्तानने लिपी बदलली. त्यामुळे दाराखालून आत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला ते नाव वाचता येत नाही, आणि त्याची बॅग उचलणाऱ्या तुर्की तरुणालाही बहुधा नाही. दोघांच्याही लेखी ती नक्षी आहे. मोडी लिपीतली आपल्याच आजोबांची पत्रे हातात घेऊन ज्यांनी हताशपणे खाली ठेवली आहेत, त्यांना या नक्षीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्यापुरता प्रश्न असा विचारून पाहावा. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३२चा पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झाला. उद्या यांपैकी एखाद्या वास्तूचे पंचतारांकित हॉटेल झाले, बराकीला ‘श्याम स्वीट’ असे नाव मिळाले आणि न्याहारीच्या टेबलावर त्या पुस्तकाची प्रत शोभेला ठेवली गेली, तर आपल्याला कसे वाटेल? बहुतेकांच्या कपाळावर आठी पडेल. ती आठी प्रामाणिक आहे. मात्र इस्तंबूलच्या अंगणात चहा पिताना ती पडत नसेल, तर दुसऱ्याच्या भाषेतले दुःख आपल्याला अजून साधारण झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. भाषांतरित साहित्य शिकवण्याचे प्रयोजन जर काही असेल, तर ते या ठिकाणी आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चैन जरूर करावी, पण तिच्यासोबत काव्याची अट पाळावी: दुःखाला जागेवरून हलवू नये. ज्याला परवडेल त्याने त्या हॉटेलात राहावे. ज्याला परवडत नाही त्याने नुसता एक चहा घ्यावा. आणि दोघांनीही हिकमेतचा संग्रह सोबत न्यावा. त्याची सुटका बेमुदत उपोषण आणि जगभरच्या लेखकांची मोहीम यांनंतर १९५० साली झाली, १९५१ साली त्याचे नागरिकत्व गेले, १९६३ साली तो मॉस्कोत वारला आणि नागरिकत्व परत मिळायला २००९ साल उजाडले, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या चहाची चव वेगळी लागेल. ती कडवट लागेलच असे नाही. कदाचित चांगलीच लागेल, कारण ज्या आकाशासाठी तो कवी अंगणात मान वर करीत असे, तेच आकाश आपल्या डोक्यावर आहे हे तेव्हा कळते.

प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात देवळे, किल्ले आणि समुद्र आहेत. त्यांच्या जोडीला हॉटेलची खोलीही अभ्यासाला यावी. विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न द्यावेत: ही खिडकी कोणत्या दिशेला उघडते, या भिंतीत पूर्वी कोण राहत होते, आणि आता सकाळी ही चादर कोण बदलते? पहिल्याचे उत्तर माहितीपत्रकात मिळेल. दुसऱ्यासाठी ग्रंथालयात जावे लागेल. तिसऱ्यासाठी खोलीचे दार ठोठावणाऱ्या माणसाशी चार शब्द बोलावे लागतील, आणि आपल्या प्रवासवर्णनांत सर्वांत कमी आढळते ते हेच संभाषण.